जुन्या बॅकअपमधून एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल परत मिळेल का? (दशावताराचं चित्रीकरण, २००६-०८)

नेरूरपार
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

माझे मामा २००६ ते २००८ या काळात सिंधुदुर्गातल्या जत्रांना जाऊन दशावताराचे रात्रभराचे खेळ चित्रित करायचे. संस्था नाही, अनुदान नाही, स्वतःच्या खर्चाने. त्यातून त्यांनी पाऊण तासाची एक फिल्म केली. तिची डीव्हीडी घरी आहे आणि अजून चालते. मामा गेल्या वर्षी गेले. त्यांचा संगणक त्याआधीच भंगारात गेला होता. आता आमच्याकडे दोन गोष्टी उरल्यात. एक यूएसबी हार्ड डिस्क आणि मिनीडीव्ही टेपांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. टेपांवर '१', '७ब', 'रात्र दुसरी' एवढंच लिहिलंय. गाव नाही, तारीख नाही, खेळाचं नाव नाही.

मामा प्रीमियर प्रो २.० या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करायचे, विंडोज एक्सपीवर. त्या प्रोजेक्टमध्ये त्यांनी कलाकारांच्या नावाने वेगवेगळे बिन (क्लिपा ठेवायची फोल्डर) केले होते, ते मी स्क्रीनवर पाहिलेलं आठवतंय. म्हणून ती प्रोजेक्ट फाइल हवी आहे. हार्ड डिस्कवर काही सुटी फोल्डर आहेत, त्यांत नुसत्या प्रीव्ह्यू आणि ऑडिओच्या फायली दिसतात. शिवाय एक मोठी बीकेएफ फाइल आहे, ती विंडोज ११ मध्ये उघडत नाही. पुढे काय करू?

कात्रीवाला
सगळ्यात आधी एक करा. ती डिस्क रोजच्या लॅपटॉपला जोडून आत शोधाशोध करत बसू नका. पंधरा-सोळा वर्षं पडून असलेल्या डिस्कचं काही सांगता येत नाही. पूर्ण डिस्कची एक इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे फुकट आणि भरवशाचं साधन आहे. वाचता येणारा भाग ते आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर परत येतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र बंद करून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच न्या.

दुसरं म्हणजे प्रीमियरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. कुठल्या फाइलमधला कुठून कुठपर्यंतचा तुकडा कुठे लावलाय, एवढ्याच नोंदी असतात. त्या काळी डीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी खायचा, त्यामुळे काम झालं की टेपेवरून कॅप्चर केलेल्या (संगणकात उतरवलेल्या) फायली सगळेच पुसायचे. प्रोजेक्ट सापडला तरी उघडल्यावर 'मीडिया ऑफलाइन' ही लाल पाटीच दिसणार. ती पाहून धीर सोडू नका. टेपचं नाव आणि टाइमकोड (टेपेवर तो तुकडा कुठे आहे ते सांगणारी वेळ) त्या नोंदींमध्ये असतो आणि तुमच्या कामाचं तेच आहे.

धामापूरचो
बरा केलंस गो ह्यो धागो काढलंस तो. टेपी आदी कोरड्या जाग्यार ठेव, मगे बाकीचा बघ.

खटपट्या
बीकेएफ म्हणजे एक्सपीमधल्या 'बॅकअप' या प्रोग्रॅमने, एनटीबॅकअपने, केलेली फाइल. व्हिस्टापासून तो प्रोग्रॅम विंडोजमध्ये येत नाही, म्हणून ११ ला ती कळत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी टाका, बीकेएफ शेअर्ड फोल्डरमधून आत घ्या आणि एनटीबॅकअप चालवा. 'रिस्टोर अँड मॅनेज मीडिया' या टॅबमध्ये फाइल कॅटलॉग करा, म्हणजे आतल्या फायलींची यादी करून घ्या, आणि रिस्टोर करताना 'ऑल्टरनेट लोकेशन' निवडा. एक्सपीची सीडी घरात कुठेतरी सापडेलच.

फाइलचा आकार किती आहे ते सांगा. उगाच विचारत नाहीये.

बोरीबंदर
माझं मत सगळ्यांहून वेगळं पडेल. प्रोजेक्ट फाइलच्या मागे लागणं आत्ता थांबवा आणि टेपा आधी उतरवून घ्या. हार्ड डिस्कची इमेज एका रात्रीत होते आणि मग ती फाइल कुठे पळून जात नाही. टेपांचं तसं नाही. मिनीडीव्हीचे चालू कॅमेरे वर्षागणिक कमी होतायत, हेड झिजलेत, रबरी रोलर कडक झालेत आणि दुरुस्त करणारे धंदा बंद करून बसलेत. त्यात कोकणातली हवा. पत्र्याच्या ट्रंकेत इतके पावसाळे काढलेल्या टेपेला बुरशी धरलेली असू शकते.

टेपेच्या छोट्या काचेतून उजेडात बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती टेप कॅमेऱ्यात घालायचीच नाही. एक बुरशीची टेप हेड खराब करते आणि त्यानंतरच्या प्रत्येक टेपेला ते भोगावं लागतं.

कात्रीवाला
@बोरीबंदर, टेपा महत्त्वाच्या हे मान्य. पण कुठल्या आधी? तिच्याकडे ट्रंकभर टेपा आहेत आणि कॅमेरा एकही नाही. उसना कॅमेरा मिळाला तरी मोजक्या दिवसांसाठी मिळेल. त्यातला कुठला खेळ फिल्ममध्ये आलाय आणि कुठला अजून कुणी पाहिलेलाच नाही, हे प्रोजेक्टवरून कळतं. एक दिवस प्रोजेक्टला दिला तर टेपांचा क्रम तरी लागेल.

बोरीबंदर
क्रम कशाला लावायचा? चांगल्या दिसतात त्या सगळ्या उतरवायच्या. निवड नंतर.

शेवगा
यूट्यूबवर दशावताराचे ढिगाने व्हिडिओ आहेत की. नाटकं तीच, गोष्टी पुराणातल्याच. मग या टेपांसाठी एवढी यातायात का? खरंच समजून घ्यायचंय.

धामापूरचो
@शेवगा, दशावताराला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी कंपनीतले मुख्य नट बसून आख्यान ठरवतात, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे बोलले जातात. पेटी आणि मृदुंगवाला नटाच्या बोलण्यावर कान ठेवून साथ करतात. एकच आख्यान त्याच कंपनीने दोन गावांत केलं तरी दोन वेगळे खेळ होतात. स्त्रीभूमिका करणाऱ्या एखाद्या जुन्या नटाने त्या रात्री राणीचा विलाप कसा केला, हे त्या टेपेवर नसेल तर जगात कुठेच नाही. आणि २००६-०८ मधले कितीतरी म्हातारे नट आज हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे फार तर एखादा फोटो असेल.

शिवाय आडदशावतार आहे. सुरुवातीला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग संकासुर. हल्ली वेळेअभावी हा भाग उरकून घेतात. पूर्ण लांबीचा कुणी चित्रित केला असेल तर तो सोन्यासारखा जपा.

शेवगा
हे ठाऊक नव्हतं. प्रश्न मागे घेतो. धागा वाचनखुणेत टाकलाय.

नेरूरपार
सगळ्यांचे आभार. डिस्क वाजत नाही. भाच्याने लिनक्सवर इमेज घेतली, थोडा भाग वाचता आला नाही पण बाकी सगळं आलं. बीकेएफचा आकार ४ जीबीला अगदी टेकलेला, जेमतेम कमी. एक्सपीमध्ये उघडली तर कॅटलॉग करताना अडकते आणि चूक दाखवते.

खटपट्या
हीच शंका होती. ती यूएसबी डिस्क फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. फॅट३२ वर कुठलीही एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. बॅकअप त्या हद्दीला पोचला आणि तिथे तुटला. त्या काळी बाहेरच्या डिस्का बहुतेक याच स्वरूपात विकत मिळायच्या, त्यामुळे असे तुटके बॅकअप घरोघरी पडलेत.

पण तुटली म्हणजे गेली असं नाही. एनटीबॅकअप आत काय आहे याची यादी शेवटी लिहितो आणि उघडताना आधी ती यादी शोधतो. तुमच्या फाइलला शेवटच नाही, म्हणून तो अडकतो. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'जनरल' मध्ये जा. तिथे मीडियावरचे कॅटलॉग वापरून काम लवकर उरका अशा अर्थाची एक चौकट टिक केलेली असेल. ती काढा. मग तो पहिल्यापासून एकेक फाइल वाचत यादी बनवेल. वेळ खाईल, पण तुटल्या जागेपर्यंतचं सगळं दिसायला हवं.

अनुस्वार
प्रोजेक्ट उघडलात तरी आणखी एक अडचण येणार आहे, तिची तयारी ठेवा. मराठी टायटलं. २००६-०८ मध्ये प्रीमियरला युनिकोड देवनागरी नीट जमायची नाही. वेलांट्या चुकीच्या जागी जायच्या, जोडाक्षरं फुटायची. म्हणून सगळे श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फाँट वापरायचे. त्या फाँटमध्ये आतली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट संगणकावर नसला की प्रीमियर दुसरा लावतो आणि कलाकाराच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसते. माहिती तीच असते, दिसत नाही एवढंच.

तेव्हा खिचडी दिसली की टायटल पुसून नव्याने टाइप करत बसू नका. डिस्कमध्ये टीटीएफ, म्हणजे फाँटच्या, फायली शोधा, डीव्ही-टीटी किंवा श्री अशी सुरुवात असलेल्या. मामांनी फाँटही बॅकअपमध्ये घेतलेले असू शकतात. फाँट मिळाला की टायटलं वाचता येतील. मग ती युनिकोडमध्ये उतरवून वेगळ्या साध्या फाइलमध्ये ठेवा. हे जरूर करा. कलाकारांची नावं कुणा एका फाँटच्या भरवशावर राहता कामा नयेत.

भटकभवानी
अवांतर: मी सध्या टोरांटोत आहे. माझ्याकडे असंच मॅकचं प्रकरण आहे, फायनल कट प्रो ७ या एडिटिंग सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट, टाइम मशीनच्या (मॅकच्या बॅकअपच्या) डिस्कवर. विंडोजवर डिस्क लावली तर बरीच फोल्डर रिकामी दिसतात. डिस्क गेली का?

कात्रीवाला
@भटकभवानी, गेली नसावी. न बदललेली फोल्डर टाइम मशीन पुन्हा कॉपी करत नाही, आधीच्या प्रतीकडे नुसता दुवा ठेवतं. तो दुवा विंडोजवरच्या साधनांना बहुतेकदा उमगत नाही. मॅकवर लावा, दिसतील. 'ऑटोसेव्ह व्हॉल्ट' हे फोल्डरही बघा.

मात्र फायनल कट ७ मॅकओएस हाय सिएरापासून पुढे चालत नाही आणि आजचं फायनल कट प्रो त्याचे प्रोजेक्ट थेट उघडत नाही. सिएरा किंवा त्याआधीची प्रणाली असलेला एखादा जुना मॅक मिळवून त्यावर ७ मध्ये उघडा आणि एक्सएमएल म्हणून बाहेर काढा. ते एक्सएमएल प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर घेतं. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

नेरूरपार
@खटपट्या, चौकट काढली आणि यादी आली!!! 'दशावतार फायनल' नावाचं फोल्डर यादीत नाही, ते तुटल्या जागेच्या पलीकडे राहिलं असावं. पण 'अडोबी प्रीमियर प्रो ऑटो-सेव्ह' हे पूर्ण आलंय. आत एकाच प्रोजेक्टच्या पुष्कळ फायली आहेत, शेवटी आकडे असलेल्या.

धामापूरचो
नावाची सुरुवात 'ए' ने, म्हणून आधी नंबर लागला. आडदशावतारात गणपती पहिला येतो तसं झालं.

कात्रीवाला
उत्तम. सगळ्या बाहेर काढा आणि तारखेनुसार लावा. नुसती शेवटची घेऊ नका. एडिटिंग संपत आलं की माणूस नको असलेले बिन काढून टाकतो. मामांनी सगळ्या टेपांचं वर्गीकरण केलेलं असेल तर ते मधल्या एखाद्या आवृत्तीत जास्त पूर्ण असेल.

प्रीमियर उघडण्याआधी ती फाइल नोटपॅड++ मध्ये उघडून बघा. त्या जुन्या आवृत्त्यांत ती बहुधा सरळ एक्सएमएल असते, म्हणजे वाचता येणारा मजकूर. अगम्य चिन्हं दिसली तर ती जीझिपने दाबलेली आहे, शेवटी जीझेड हे विस्तारनाम लावून सेव्हनझिपने सोडवा. आत फायलींचे पूर्ण पत्ते आणि बिनची नावं शोधा. आजचं प्रीमियर ही फाइल उघडेल न उघडेल, या वाचनाला त्याची गरज नाही. टायटलं मात्र अशी वाचता येणार नाहीत, त्यांना प्रीमियर लागेलच.

नेरूरपार
वाचता येतंय. रात्रभर वाचत होते. एका मधल्या फाइलमध्ये बिनची नावं इंग्रजी लिपीत आहेत. गाव, मग आख्यान, मग नट. क्लिपांच्या नावात टेपेचा नंबर आहे. '७ब' म्हणजे एका आख्यानाचा दुसरा भाग, आणि त्याच खेळाची '७अ' ट्रंकेत नाही. तीन टेपांचा प्रोजेक्टमध्ये कुठेच उल्लेख नाही. बहुधा त्या कधी कॅप्चरच झाल्या नाहीत.

एक विचारायचं होतं. आमच्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं की कॅमेऱ्याची एव्ही वायर यूएसबी डोंगलला लावून सगळ्या टेपा एमपी४ करून देतो, स्वस्तात. देऊ का?

बोरीबंदर
नका देऊ. इथे मी आणि कात्रीवाला नक्की एकमत होऊ.

मिनीडीव्ही टेपेवर चित्र मुळातच डिजिटल आहे. फायरवायरने (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा थेट संगणकात नेणारी वायर) उतरवलं तर टेपेवरचा डेटा जसाच्या तसा फाइलमध्ये येतो. एव्ही वायरने घेतलं तर आधी अॅनालॉग होतं, मग डोंगल पुन्हा डिजिटल करतं, वर एमपी४ चं दाबणं. मशालीच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडातलं चित्रण असेल तर अंधाराच्या जागी चौकोन दिसायला लागतील.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये टाइमकोड असतो आणि चित्रीकरणाची तारीख-वेळही असते. चित्रावर दिसत नाही, डेटात असते. एव्ही वायरने घेतलं की ती नाहीशी होते. फायरवायरने घेतलेल्या फाइलमधून डीव्हीरेस्क्यू हे फुकट साधन ती वाचून दाखवतं. मामांनी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर प्रोजेक्टमध्ये नसलेल्या त्या तीन टेपांची रात्रसुद्धा कळेल.

धामापूरचो
आणि तारीख कळली की गाव कळलं. आमच्याकडे जत्रा तिथीवर ठरलेल्या असतात. २००६ ते २००८ ची कालनिर्णयं काढा, तारखेवरून तिथी बघा. त्या तिथीला कुठल्या कुठल्या गावची जत्रा, ते इथले जुने लोक तोंडपाठ सांगतील. मी विचारून देतो.

अनुस्वार
घड्याळ लावलं नसेल तर? कित्येक कॅमेऱ्यांची आतली बॅटरी मेलेली असायची.

बोरीबंदर
तर निरुपयोगी तारीख दिसेल. पण दोन टेपांमधलं अंतर तेव्हाही बरोबर असू शकतं. एका टेपेचं गाव प्रोजेक्टवरून पक्कं झालं की बाकीच्यांचा हिशोब मांडता येतो. प्रोजेक्टचा उपयोग आहे, हे आता मलाही मान्य.

खटपट्या
एक सावधगिरी. प्रोजेक्टमधले टाइमकोड बघून 'बॅच कॅप्चर' करायचा मोह होईल, म्हणजे फिल्ममधले तेवढेच तुकडे आपोआप उतरवायचे. नका करू. चित्रीकरण थांबवून, मागे जाऊन बघून, मध्ये कोरी टेप सोडून पुन्हा सुरू केलं की कॅमेरा टाइमकोड शून्यापासून धरतो. एकाच टेपेवर तोच टाइमकोड दोनदा येतो आणि चुकीचा तुकडा उचलला जातो. शिवाय टेपेची पुढे-मागे ओढाताण होते. पूर्ण टेप सलग एकदाच चालवा, तुकडे नंतर फाइलमधून शोधा.

लाल_माती
तांत्रिक काही कळत नाही, पण एक राहून जातंय. हे सगळं सापडल्यावर नेटवर टाकणार असाल तर आधी त्या नटांच्या घरच्यांना विचारा. रात्रभर नाचून तुटपुंजं मानधन घेतलेली माणसं होती ती. कुणीतरी त्यांच्या खेळावर जाहिराती लावून पैसे कमावतंय हे घरच्यांना बाहेरून कळू नये. निदान प्रत्येक घरी पेन ड्राइव्हवर त्यांच्या माणसाचा खेळ आधी पोचवा.

नेरूरपार
@लाल_माती, हे मनापासून पटलं. बिनमध्ये नटांची नावं असल्यामुळेच ते शक्य होणार आहे. ज्यांची घरं माहीत आहेत तिथे मी स्वतः जाणार आहे. संगीत नाटक अकादमीच्या संग्रहाला विचारावं असंही मनात आहे, पण घरच्यांच्या होकारानंतरच.

स्टुडिओवाल्याला नाही म्हटलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, प्रोजेक्ट सापडला. आता कॅमेरा. मामांकडे सोनीचा पीडी१७० होता, विकला गेला. कुडाळ, कणकवली, अगदी कोल्हापूरपर्यंत कुणाकडे चालू मिनीडीव्ही कॅमेरा आहे का?

कात्रीवाला
पीडी१७० असेल तर आधी हे तपासा. तो कॅमेरा डीव्ही आणि डीव्हीकॅम अशा दोन्ही पद्धतींनी लिहायचा. डीव्हीकॅममध्ये ६० मिनिटांच्या टेपेवर ४० च मिनिटं मावतात आणि घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेच ती वाचत नाहीत. चित्र आलं नाही म्हणून टेप खराब समजून फेकू नका. एक्सएमएलमधला एकाच टेपेचा सगळ्यात शेवटचा टाइमकोड बघा. टाइमकोड शून्यापासून सलग असेल आणि कुठलीच टेप ४० मिनिटांपुढे जात नसेल तर ती डीव्हीकॅम आहे असं धरून चाला.

नेरूरपार
बघितलं. बहुतेक टेपा ४० च्या आत थांबतात, फक्त दोन टेपा एका तासापर्यंत पोचतात.

सातारा_रस्ता
वाचनमात्र होतो, आता लिहितो. पीडी१७० माझ्याकडे आहे, चालू आहे, फायरवायर कार्डवाला जुना डेस्कटॉपही आहे. कोल्हापूरजवळ असतो. कॅमेरा उसना देणार नाही, पण टेपा घेऊन या, इथे बसून उतरवू. पैसे नकोत. फायलींसाठी २ टीबीची कोरी डिस्क आणा, फॅट३२ नको, एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली. बुरशीची शंका असलेल्या टेपा वेगळ्या पिशवीत बांधून आणा, त्या माझ्या कॅमेऱ्यात जाणार नाहीत, त्यांचं साफ करणाऱ्याकडे वेगळं बघू. सुरुवात प्रोजेक्टमध्ये नसलेल्या त्या तीन टेपांनी करू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.